टेक्ससची लांबशिंगी गुरे : एका स्वभावाचा इतिहास

आपल्याकडे कोणाच्या सौम्यपणाची ग्वाही द्यायची झाली की ‘अगदी गरीब गाय आहे हो’ एवढे म्हटले म्हणजे पुरते. सुनेची चौकशी करणाऱ्यांना हेच सांगतात आणि प्रसंगी जावयाची चौकशी करणाऱ्यांनाही हेच सांगतात. ‘मारकी गाय’ हा शब्दही आपल्या भाषेत आहे. पण मारकेपणा हा त्या एका गाईचा दुर्गुण, गाईच्या जातीचा धर्म नव्हे, अशीच आपली समजूत असते. आज ज्या गुरांविषयी आम्ही बोलणार आहोत, त्यांच्याबद्दलची लोकांची समजूत दीडशे वर्षांपूर्वी नेमकी उलटी होती. अमेरिकी सैन्यातील कर्नल रिचर्ड डॉज याने १८७७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात वाचकांना बजावले होते की, पायी चालणाऱ्या माणसाला टेक्ससची रानटी गुरे ही तिथल्या बायसनपेक्षा कितीतरी पटींनी अधिक धोक्याची आहेत. बायसन म्हणजे अमेरिकेतला गवाच. गव्यापेक्षा गाईला भ्या, असा हा सल्ला!

आणि आज? टेक्ससमधील फोर्ट वर्थ शहरात १९९९ सालापासून याच जातीच्या बैलांचा एक लहानसा कळप दिवसातून दोनदा भर रस्त्यातून मिरवत नेतात. दोन्ही बाजूंना पोराबाळांसह माणसे उभी असतात, आणि ते बैल आपली हातभर, दोन-दोन हात लांबीची शिंगे सांभाळीत, आपल्याकडच्या पोळ्याच्या मिरवणुकीत शोभावे अशा संथपणाने निघून जातात. कित्येक रँचवर, म्हणजे तिथल्या गुरांच्या विस्तीर्ण कुरणांवर, पाळीव बैलावर खोगीर घालून मुलांना बसवतात व छायाचित्रे काढतात.

दोन्ही साक्षी खऱ्या आहेत. मग या गुरांचा खरा स्वभाव कोणता? गुराखी सांगतील, स्वभाव रक्तात असतो. त्यात तथ्य नाही असे आम्ही म्हणणार नाही. परंतु या जातीपुरते पाहिले तर रक्ताइतकीच, किंबहुना अधिक, साक्ष इतिहासाची काढावी लागते. माणूस या गुरांशी कधी कसा वागला याची हकीकत म्हणजेच त्यांच्या स्वभावाची हकीकत होय, असे आमचे मत आहे. आणि ते कशावरून बनले ते आता सांगतो.

प्रथम जनावर डोळ्यांपुढे आणले पाहिजे. आपल्या माणदेशातला खिलार आपण पाहिलेला असतो. त्याची शिंगे कपाळातून निघून मागे व वर जातात. टेक्ससच्या लाँगहॉर्नची शिंगे मात्र डाव्या-उजव्या बाजूंना आडवी पसरतात आणि टोकाशी वर वळतात, कधी पीळ घेतात. अंग सडपातळ, पाय लांब, खूर कठीण. रंगाचा काही नेम नाही. तांबडी, काळी, मोरी, बांडी, कबरी, सगळी एकाच कळपात. सर्वांत मोठी शिंगे वळूची नसतात, खच्ची केलेल्या बैलाची असतात. अलाबामा राज्यातील पाँचो व्हाया नावाच्या अशाच एका बैलाची शिंगे २०१८ साली मोजली, ती टोकापासून टोकापर्यंत ३ मीटर २३ सेंटिमीटर भरली. आपल्या घराच्या दारातून हा बैल आत यायचा म्हटला तर भिंतच पाडावी लागेल. तो मात्र झाडाझुडपांतून मान तिरकी करून, आधी एक शिंग मग दुसरे, असा बिनचूक निघून जातो. शिंगाचे टोक कुठे आहे हे या जनावरांना पुरते ठाऊक असते, ही गोष्ट पुढे उपयोगी पडणार आहे.

आता मूळ. अमेरिका खंडात गाय नव्हती. कोलंबस १४९३ साली दुसऱ्या सफरीवर निघाला तेव्हा त्याच्या जहाजांतून पहिली गुरे तिकडे गेली. तिथल्या बेटांवर ती वाढली आणि १५२१ च्या सुमारास मेक्सिकोच्या किनाऱ्यावर उतरली. पुढे स्पॅनिश मिशनऱ्यांबरोबर उत्तरेकडे सरकत ती १६९० मध्ये पूर्व टेक्ससमध्ये पोचली आणि अठराव्या शतकात सॅन अँटोनियो व गोलियाड येथील मिशनांच्या भोवती त्यांचे मोठाले कळप झाले. स्पॅनिश गुरे म्हटल्यावर श्रोत्यांना बैलझुंजीचा बैल आठवेल. पण त्या बैलाला चिडखोरपणासाठी पिढ्यानपिढ्या निवडून वाढवलेले असते. टेक्ससच्या गुरांना कोणी कशासाठीच निवडले नव्हते. निवड केली ती उन्हाने, लांडग्यांनी आणि काट्यांनी.

इथे एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. २०१३ साली टेक्सस विद्यापीठातील डेव्हिड हिलिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी या गुरांच्या आनुवंशिक घटकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. स्पॅनिश वसाहतीतून उतरलेल्या या गुरांच्या रक्तात सुमारे ८५ टक्के अंश युरोपीय प्रकारच्या, वशिंड नसलेल्या गुरांचा, तर सुमारे १५ टक्के अंश वशिंडवाल्या गुरांचा आढळला. वशिंडाची गुरे प्रथम माणसाळली ती आपल्या उपखंडात. तेथून ती आफ्रिकेत गेली, आफ्रिकेतून त्यांचा अंश स्पेनमध्ये आणि स्पेनमधून टेक्ससमध्ये. नाते दूरचे खरे, पण आडनाव सांगण्याइतके आहे.

स्पॅनिश पद्धतीत गाय गोठ्यात नसे. तिला दावे नाही, दावण नाही, सांजसकाळ धार काढणे नाही. ती उघड्या रानात चरे, आणि वर्षातून एक-दोनदा घोडेस्वार येऊन तिला हाकून नेत, वासरांना डाग देत व पुन्हा सोडून देत. आपल्याकडे गाईच्या पाठीवर हात फिरतो, तिला नाव असते, घरातली मुलगी तिला भाकरीचा तुकडा भरवते. तिकडच्या गाईला माणूस ठाऊक होता तो घोड्यावर बसलेला. माणूस आणि घोडा मिळून एक प्राणी होतो, त्याच्यापुढे पळायचे असते, एवढे ती शिकली होती. त्यामुळे घोड्यावरून उतरून दोन पायांवर चालू लागलेला माणूस हा तिला अगदीच निराळा प्राणी वाटे. त्याच्यापुढे पळण्याचे तिला कारण नव्हते. उलट रानातला परका प्राणी म्हणून त्याच्यावर चालून जाण्याचेच कारण होते. कर्नल डॉजने ‘पायी चालणाऱ्या माणसाला’ असे जे मुद्दाम म्हटले आहे, त्याचा उलगडा इथे होतो.

या गुरांना माणसाचा सहवास अजिबातच उरला नाही म्हणजे काय होते, याचे एक उदाहरण टेक्ससच्या पश्चिमेस, आजच्या ॲरिझोना राज्यात घडले. तिथे सॅन बर्नार्दिनो नावाची मेक्सिकन रँच होती. अपाची लोकांच्या हल्ल्यांमुळे मालक ती सोडून गेले व गुरे मागे राहिली, रानटी झाली. पुढे मेक्सिकोशी अमेरिकेचे युद्ध चालू असताना मॉर्मन पंथाच्या स्वयंसेवकांची एक पलटण कॅलिफोर्नियाकडे चालली होती. ११ डिसेंबर १८४६ रोजी सॅन पेद्रो नदीकाठी या रानटी वळूंनी त्या पलटणीवर हल्ला चढवला. खेचरे शिंगांवर घेतली, काही माणसे जखमी केली, आणि बंदुकांच्या गोळ्या लागल्यावरही कित्येक वळू चालूनच येत होते. या पलटणीने शेकडो कोस वाटचाल केली, पण तिच्या वाट्याला आलेली लढाई म्हणाल तर हीच! ‘वळूंची लढाई’ म्हणून ती तिकडच्या इतिहासात नोंदलेली आहे. ज्या जनावरांचे आजे-पणजे मालकाच्या घोड्यापुढे निमूट चालत होते, त्यांनी सैन्य अडवले. मधल्या काळात बदल झाला होता तो एकच. मालक निघून गेला होता.

हेच टेक्ससमध्ये फार मोठ्या प्रमाणावर झाले. न्युएसेस आणि रिओ ग्रांदे या दोन नद्यांमधला मुलूख म्हणजे बाभळीसारख्या काटेरी झुडपांचे आणि निवडुंगाचे अफाट जंगल. १८३६ मध्ये टेक्सस मेक्सिकोपासून फुटून निघाले, तेव्हाच्या धामधुमीत तिथल्या अनेक मेक्सिकन मालकांनी घरे सोडली. गुरे त्या काट्यांत शिरली. मग १८६१ ते १८६५ यादवी युद्ध चालले. टेक्ससची तरणी माणसे रणांगणावर गेली आणि चार वर्षे वासरांना डाग द्यायला कोणी राहिले नाही. युद्ध संपले तेव्हा त्या प्रांतात गुरांची संख्या तीस लाखांपासून साठ लाखांपर्यंत होती, असे निरनिराळे अंदाज आहेत.

डागाविण्या गुरांवरून आठवले. सॅन अँटोनियोला सॅम्युएल मॅव्हरिक नावाचे वकील होते. १८४७ च्या सुमारास एका कर्जाच्या फेडीत त्यांना चारशे गुरे मिळाली. गुरांत त्यांना रस नव्हता. त्यांनी ती एका गुलाम कुटुंबाच्या हवाली केली आणि ते आपल्या जमिनीच्या व्यवहारांत बुडून गेले. वासरे डागाविना वाढली. रानात बिनडागाचे जनावर दिसले की शेजारीपाजारी म्हणत, ‘हे मॅव्हरिकचे’. पुढे कोणत्याही बिनडागाच्या जनावराला आणि शेवटी कोणाच्याही कळपात न राहणाऱ्या माणसाला इंग्रजीत ‘मॅव्हरिक’ म्हणू लागले. मानी आणि स्वतंत्र बाण्याच्या पुढाऱ्याला आज वर्तमानपत्रे ही पदवी देतात, तेव्हा तिच्या मुळाशी एका वकिलाचा आळस आहे हे त्या पुढाऱ्यास कळवावेसे वाटते. असो.

काट्यांतल्या त्या तीस-पस्तीस वर्षांत या गुरांचा जो स्वभाव घडला त्यात तीन गोष्टी ठळक दिसतात. पहिली म्हणजे लपणे. व्यालेली गाय वासराला गवतात किंवा झुडपाखाली निजवते आणि स्वतः लांब जाऊन चरते. वासरू श्वासही जपून घेत पडून राहते. दुसरी म्हणजे एकी. एक वासरू ओरडले की एकटी आईच नव्हे, ऐकू जाईल तिथवरचा सारा कळप धावून येतो. लांडग्यांना रोखायचे तर एकट्या गाईचे काम नव्हते. आणि तिसरी म्हणजे बुजणे. कसलाही नवा आवाज, नवा वास, वाऱ्याने उडालेला कागद, यांवर आधी पळायचे आणि मग विचार करायचा. जी गाय आधी विचार करीत बसली तिचा वंश उरला नाही.

या तिन्हींमध्ये क्रौर्य कुठे दिसते का? आम्हाला तरी दिसत नाही. पळायला वाट असेल तर लाँगहॉर्न पळते. वाट बंद झाली, किंवा वासराजवळ कोणी गेले, तरच शिंग खाली करते. काट्यांत अडकलेल्या माणसाला मात्र हा बारकावा पाहण्याची सवड नसते, आणि पुस्तके लिहितात ती माणसे.

त्या रानातून ही गुरे बाहेर काढली ती प्रामुख्याने मेक्सिकन गुराख्यांनी, ज्यांना ‘व्हाकेरो’ म्हणत. त्यांची एक युक्ती आपल्या शेतकऱ्याला लगेच पटेल. रानटी खोंडाला फासा टाकून धरायचे, झाडाला बांधून रात्रभर झगडू द्यायचे, आणि सकाळी एका शहाण्या, सरावलेल्या बैलाच्या मानेशी त्याची मान जखडून दोघांना सोडून द्यायचे. बैलाला घरी दाणा मिळतो हे ठाऊक. तो त्या खोंडाला ओढत, थांबवत, प्रसंगी ढोसत दोन-चार दिवसांत घरी घेऊन येई. नव्या खोंडाला जुन्या बैलाच्या जोडीला जुंपून शिकवण्याची आपली रीत याहून फारशी वेगळी नाही. दुसरी युक्ती सांगायला जड जाते. फारच अनावर जनावर असले तर त्याच्या पापण्या दोऱ्याने शिवून टाकीत. आंधळे झालेले ते जनावर कळपाला अंग चिकटवून चाले. दोरा कुजून डोळे उघडेपर्यंत त्याला कळपाची सवय झालेली असे. या गुरांच्या मारकेपणाच्या गोष्टी सांगताना ही गोष्टही त्याच पानावर लिहिली पाहिजे.

यादवी युद्धानंतर टेक्ससमध्ये ज्या बैलाला चार डॉलर मिळणे मुष्किल होते, त्यालाच उत्तरेच्या शहरांत चाळीस डॉलर मिळत. मधे रेल्वे नव्हती. १८६७ साली जोसेफ मॅकॉय या व्यापाऱ्याने कॅन्ससमधील ॲबिलीन या रेल्वेच्या ठाण्यावर गुरांचे कोंडवाडे बांधले आणि टेक्ससहून गुरे चालत नेण्याचा तो प्रसिद्ध उद्योग सुरू झाला. पुढल्या वीस वर्षांत निदान पन्नास लाख गुरे या वाटांनी गेली. पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ च्या वसंतात व्याख्यानमाला सुरू केली, तेव्हा तिकडे याच दिवसांत, नवे गवत उगवताच, कळप उत्तरेच्या वाटेला लागत होते. दोन-तीन हजार गुरांमागे दहा-बारा माणसे. दिवसाची मजल दहा ते पंधरा मैल.

दोन-तीन हजार रानटी जनावरे आणि दहा-बारा पोरगेलेसे घोडेस्वार; त्यांत मेक्सिकन होते, गुलामीतून नुकतेच सुटलेले काळे लोक होते. गुरे जात्याच खुनशी असती तर ही यात्रा पहिल्याच आठवड्यात आटोपली असती. पण चार-सहा दिवस वाटचाल झाली की कळपाला आपोआप एक व्यवस्था येई. पुढे चालणारी पुढेच चालत, मागची मागेच; जो तो आपली जागा धरी. आपसांत कोणाच्या शिंगापुढे कोणी मान वळवायची हे एकदा ठरले की पुन्हा भांडण नाही. शिंगाच्या टोकाची जाणीव आम्ही मघाशी सांगितली ती इथे कामास येते. खरी मारामारी क्वचितच होई. एकाने मान किंचित हलवली की दुसरा बाजूला सरे.

भीती असे ती उधळण्याची, आणि तीही रात्री. वीज चमकली, घोडा शिंकरला, कोणी काडी ओढली, एवढ्याने निजलेला कळप क्षणार्धात उभा राही आणि पळत सुटे. स्वारांनी पुढच्या जनावरांना गाठून एका बाजूला वळवीत न्यायचे, तोंड शेपटाला मिळेपर्यंत. मग कळप स्वतःभोवतीच घाण्यासारखा फिरत राही व दमून थांबे. अंधारात घोडा पडला की स्वाराचे काय होई ते सांगायला नको. यावर उपाय म्हणून पहाऱ्यावरचे स्वार रात्रभर कळपाभोवती फिरत गात असत. भजने गात, शिळी प्रेमगीते गात, काहीच येत नसेल तर नुसते गुणगुणत. गुरांना संगीताची आवड होती असे नव्हे. माणूस कुठे आहे हे त्यांना सतत कळत राहावे, तो अंधारातून अचानक उगवू नये, यासाठी ते गाणे. बुजऱ्या स्वभावावरचा याहून शहाणा उपाय आम्हाला ठाऊक नाही. आणि ज्यांनी तो शोधला त्यांतल्या बहुतेकांना सही करता येत नसावी.

याच वाटांवर ‘ओल्ड ब्लू’ नावाचा बैल प्रसिद्धीस आला. न्युएसेस नदीकाठच्या काट्यांत जन्मलेला हा बैल हिंडत-फिरत चार्ल्स गुडनाइट यांच्याकडे आला. पालो ड्युरो दरीत १८७६ साली सुरू झालेली ‘जे ए’ रँच गुडनाइट यांची. १८७८ पासून आठएक हंगाम ओल्ड ब्लूने तिथल्या कळपांचे म्होरकेपण करून त्यांना कॅन्ससमधील डॉज सिटीला पोचवले. त्याच्या गळ्यात पितळी घंटा असे. दिवसभर ती वाजे, आणि कळप तिच्यामागे चाले. मुक्कामाला घंटेचे टोले बांधून टाकीत. आवाज थांबला की आज इथेच, हे साऱ्या कळपाला समजे. रात्री तो गुरांत न निजता गुराख्यांच्या तळापाशी येई आणि त्यांच्याकडून भाकरीचा, सफरचंदाचा तुकडा मागून घेई. डॉज सिटीला बरोबरची गुरे आगगाडीत चढत आणि कत्तलखान्याकडे जात; ओल्ड ब्लू घोड्यांबरोबर घरी परते. त्याच्या या कामगिरीचा विचार आम्ही फार लांबवत नाही, कारण तो विचार सुखाचा नाही. बैल मात्र वीस वर्षांचा होऊन १८९० साली मेला, आणि त्याची शिंगे आज टेक्ससमधील कॅन्यन गावच्या संग्रहालयात आहेत. काट्यांतले वासरू आणि भाकरी मागणारा म्होरक्या, दोन्ही एकाच कातड्यात होते.

मग ही जात बुडू का लागली? कारणे स्वभावाबाहेरची होती. इलिनॉयचा शेतकरी जोसेफ ग्लिडन याने १८७४ मध्ये काटेरी तारेचे पेटंट घेतले. सॅन अँटोनियोच्या चौकात १८७६ साली जॉन गेट्स या विक्रेत्याने तारेचा कोंडवाडा घालून त्यात लाँगहॉर्न बैल सोडले, ते तारेवर धडकले आणि मागे हटले, मग ऑर्डरींचा पाऊस पडला, अशी गोष्ट सांगतात. तारेने मोकळे रान संपवले. त्यात टेक्सस-ताप. या गुरांबरोबर गेलेल्या गोचिडांमुळे उत्तरेकडची गुरे पटापट मरत, आणि ही स्वतः ठणठणीत राहत. कॅन्ससने १८८५ साली आपल्या सीमा त्यांना बंद केल्या. हा ताप गोचिडाच्या दंशाने पसरतो हे थिओबाल्ड स्मिथ व किलबोर्न यांनी १८९३ मध्ये सप्रमाण मांडले. हिवतापाचे बीज डासाच्या पोटात रोनाल्ड रॉस यांना सिकंदराबादेस सापडले, त्याच्या चार वर्षे आधी. ही गोष्ट कळेपर्यंत लाँगहॉर्न बदनाम होऊन गेले होते.

कुंपणातल्या रँचला मांसल, आखूड शिंगांची, चरबी धरणारी विलायती गुरे हवी होती. गोचीड आणि ऊन सोसण्यासाठी हिंदुस्थानी वळू हवे होते. शँघाय पिअर्स या गुरांच्या बड्या मालकाच्या पश्चात त्याचा भाचा बॉर्डन हा १९०६ साली त्यासाठी आपल्या देशात आला, आणि त्याने नेलेल्यांपैकी ३३ जनावरे टेक्ससला पोचली. अमेरिकेत ‘ब्राह्मण’ नावाने जी जात पुढे घडली, तिच्या पूर्वजांत कांक्रेज, गीर, नेल्लोर यांच्याबरोबर आमच्या कृष्णाकाठच्या गुरांचेही नाव घेतात. लाँगहॉर्नच्या गाई या नव्या वळूंना देण्यात आल्या, आणि दोन-तीन पिढ्यांत लांब शिंग दिसेनासे झाले. बाजूला टाकताना त्यांच्यावर आरोप मात्र स्वभावाचा ठेवला गेला: रानटी, मारकी, निरुपयोगी. जे जनावर आपल्याला परवडेनासे होते त्याच्यात दुर्गुण सापडू लागतात. माणसांच्या बाबतीतही हे आम्ही पाहिले आहे.

१९२७ साली अमेरिकी काँग्रेसने ही जात राखण्यासाठी तीन हजार डॉलर मंजूर केले. विल बार्न्स आणि जॉन हॅटन हे वनखात्याचे दोन अधिकारी दक्षिण टेक्ससभर हजारो मैल हिंडले, हजारो गुरे त्यांनी तपासली, आणि अस्सल वाटली अशी जेमतेम तीसेक जनावरे घेऊन ते ओक्लाहोमातील विचिटा डोंगरांच्या अभयारण्यात परतले. पुढे काट्यांच्या मुलखातच जन्मलेले लेखक जे. फ्रँक डोबी यांनी १९४१ मध्ये या गुरांवरचा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि त्याच सुमारास मित्रांच्या साहाय्याने टेक्सस राज्यासाठी एक कळप जमवला. १९६४ मध्ये पैदासकारांची संघटना स्थापन झाली. आजची बहुतेक लाँगहॉर्न गुरे त्या काळी तगून राहिलेल्या सात कळपांतून उतरली आहेत असे मानतात. आमचा तर्क असा की, या चाळणीत स्वभावही चाळला गेला असावा. कुंपणे आल्यावर जी जनावरे आवरत नव्हती तीच आधी गोळीला किंवा खाटकाला गेली असणार. आठवण म्हणून कोणी चार जनावरे राखली तर ती हाताला येणारीच राखणार. तर्कच आहे, पण सोडवत नाही.

आजच्या रँचवरचा अनुभव काय सांगतो? स्विस प्राणिशास्त्रज्ञ हायनी हेडिगर यांनी दाखवून दिले की प्रत्येक रानप्राण्याभोवती एक अदृश्य वर्तुळ असते. त्याच्या आत शत्रू आला की प्राणी पळतो. गुरांचेही तसेच आहे. रोज त्याच वेळी, त्याच आवाजाची मोटार खुराक घेऊन येणार असेल तर लाँगहॉर्नचे हे वर्तुळ आकसत जाते, आणि काही महिन्यांत जनावर हातातून खाते. वर्षातून एकदाच माणूस दिसला आणि तोही टोचण्यासाठी, तर वर्तुळ पुन्हा पसरते. गुरांना हाकायचे तर आरडाओरडा नको, काठी नको. त्यांना आपल्या पाठीमागची अरुंद जागा सोडून जवळजवळ सगळीकडचे दिसते. खांद्याच्या मागे उभे राहिलात तर ती पुढे जातात, खांद्याच्या पुढे आलात तर थांबतात. आपल्या जुन्या गुराख्यांना हे सांगितले तर ते हसतील, इतके ते साधे आहे. लाँगहॉर्न हे लवकर शिकते आणि विसरत नाही. एकदा ज्या अरुंद वाटेत वेदना झाली तिथे ते वर्षभरानेही पाय टाकत नाही.

आणि सर्वांत धोक्याचे जनावर कोणते? रानात वाढलेले नव्हे. बाटलीने दूध पाजून, लाडाकोडात, कळपाबाहेर वाढवलेला वळू. त्याला माणसाची भीती नसते. माणूस हा आपल्याच कळपातला एक, अशी त्याची समजूत होते. वयात आल्यावर कळपातल्या प्रतिस्पर्ध्याशी करावी तशी तो माणसाशी झुंज काढतो. म्हणून जाणते मालक आई नसलेला खोंड शक्यतो दुसऱ्या गाईला लावतात, नाहीतर वेळीच खच्ची करतात. बुजरेपणा सगळाच गेला म्हणजे माणसाळले, असे नसते.

टेक्सस विद्यापीठाच्या खेळाडूंचे मानचिन्ह म्हणून १९१६ पासून एक लाँगहॉर्न बैल ठेवतात, त्याला ‘बीव्हो’ म्हणतात. लाखभर माणसांच्या गोंगाटात तो रवंथ करीत बसतो. १ जानेवारी २०१९ रोजी न्यू ऑर्लिन्सच्या सामन्यापूर्वी छायाचित्र काढण्यासाठी समोरच्या संघाचा बुलडॉग कुत्रा त्याच्या जवळ आणला, आणि बीव्होने कठडा मोडून शिंगे खाली केली. सुदैवाने कोणाला मोठी इजा झाली नाही. वर्तमानपत्रांना नवल वाटले. लांडग्यांच्या मुलखात ज्याच्या पणज्या वाढल्या त्याच्या नाकाशी कुत्रा नेणाऱ्यांचे आम्हाला अधिक नवल वाटते.

वसंतात वेतांचे दिवस येतात. एरवी हातातून खुराक खाणारी गाय त्या आठवड्यात कळपाबरोबर दिसत नाही. मालक मोटार घेऊन तिला शोधत जातो. ती सापडते तेव्हा एकटी, निवांत चरत असते. कास भरलेली, पोट रिकामे. वासरू कुठेच नसते. ती मालकाकडे पाहते, आभाळाकडे पाहते, फक्त एका झुडपाकडे पाहत नाही. अनुभवी मालक त्या झुडपाकडे जात नाही. तो मोटारीतच बसून राहतो. संध्याकाळी कास तटतटली की गाय स्वतःच तिकडे वळते, हळूच हुंकार देते, आणि गवतातून एक तांबडेबांडे पिल्लू लटपटत उभे राहते. मालक वहीत तारीख व रंग टिपून घेतो. खाली मात्र उतरत नाही.